घोटावड्याची भातगिरणी आणि मागे न चालणारे बैल

यंत्रांच्या बाजूने आणि विरुद्ध मी इतकी भाषणं ठोकली आहेत, की एकदा यंत्र पाहून येणं भागच होतं. शेजारचे वसंतराव घोटावड्याला निघाले, मीही निघालो. कारखान्यांत माल आपोआप हलवणाऱ्या यंत्रणा आखून उभ्या करणं हे त्यांचं काम. तिथली नवी भातगिरणी त्यांच्याच आराखड्यावर उभी राहिली, पण सुगी येताच काम तुंबलं. का, ते पाहून कंपनीला अहवाल द्यायचा होता.

स्वारगेटहून सकाळची पौडची एस.टी. धरा. बावधनपुढच्या चढावर इंजिन तापतं, तेवढ्यात पाय मोकळे होतात. पिरंगुटला साठ नये पैशांत आंबेमोहराचा भात आणि मटकीची आमटी पोटभर मिळते. पुढे घोटावड्यापर्यंत दीड तास चाल. दोन्ही बाजूंना कापणी चाललेली.

गिरणीत शिरलो. फिरता पट्टा सुरेख चालत होता. त्यावर भाताचा दाणा नव्हता. बाहेर रस्त्यापर्यंत बैलगाड्यांची रांग.

भात ओतायचा खड्डा आत, दारासमोरच्या भिंतीलगत. ट्रकने मागे मागे येऊन माल ओतावा, अशी योजना. बैलगाडी तोंडानेच आत शिरे. बैल खड्ड्याशी, पोती पार मागे. मग पोती खांद्यावरून वाहायची, बैल सोडायचे, चौघांनी गाडी ओढून बाहेर काढायची.

"बैलांना रिव्हर्स शिकवा," गिरणीचा मुकादम हसला.

"बैलाचं ऱ्हाऊ द्या," गेनबा गाडीवान म्हणाला. "ज्यानं ह्यो नकाशा काढला त्यानं जल्मात गाडी जुपलीया का? पाया खणताना मी सांगितलं हुतं, समोरची भित घालू नका. हिकडनं गाडी येईल, तिकडनं जाईल. तर कंपनीची मान्सं म्हनली, बाबा, तुला कळत न्हाई."

नकाशा काढणारे माझ्या शेजारीच उभे होते. ते चष्मा पुसत राहिले.

परतीच्या एस.टी.त त्यांनी अहवालाचा मसुदा दाखवला. 'बैलगाड्या यंत्रणेस अयोग्य. पुढील सुगीपासून फक्त ट्रकचा माल घ्यावा.'

"आणि गेनबाचं सुगीचं भाडं? गावातल्या सगळ्या गाड्यांचं?"

"भिंत पाडा म्हटलं तर चूक माझी ठरते हो."

"मग कुणाची आहे?" माझा आवाज सभेतला होता, कंडक्टरनेही वळून पाहिलं. "मुळशी तालुक्यात गिरणी बांधलीत आणि भात कशातून येतो ते विचारलं नाहीत. विचारायचं राहू द्या, ज्यानं सांगितलं त्याला अडाणी ठरवलंत. आता तुमच्या कागदासाठी त्यानं गाडी मोडायची?"

त्यांनी मसुदा घडी करून खिशात घातला.

घरी येऊन आता महिना होतो आहे. वसंतरावांनी मसुदा फाडला आणि आराखडा चुकला असं स्वतःच्या सहीने लिहून दिलं. भिंत पडली; गाड्या एका दाराने शिरतात, दुसऱ्याने निघतात. कंपनीने वसंतरावांना मात्र त्या कामावरून काढून पुण्याच्या कचेरीत नुसते नकाशे तपासायला बसवलं आहे. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी अजून घोटावडं पाहिलेलं नाही. दुसऱ्या गिरणीचा आराखडा त्यांनी टेबलावर सुरूही केला आहे, असं ऐकतो.