बाईंचे खोटे मोदक

“कशावरून?” हा बाईंचा आवडता प्रश्न. दूधवाल्याने ताजं दूध म्हटलं, की बाई पातेल्यात बोट बुडवून थेंब निरखत विचारायच्या, “कशावरून?” मुलाने फोनवर ‘मी मजेत आहे’ म्हटलं, तरी हेच. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. जालन्याला आमच्या शेजारी बाई होत्या.

त्या मूळच्या वाटूरच्या. शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. भाचीने एकदा पुण्याहून पॉलिमर क्लेच्या रंगीत वड्या आणून दिल्या. ही माती कणकेसारखी मळायची, आकार द्यायचा आणि ओव्हनमध्ये भाजून टणक करायची. बाईंनी त्या वड्या बरेच दिवस नुसत्या हुंगल्या. मग एका दुपारी सुई घेऊन बसल्या, आणि नादच लागला.

जिलबी, करंजी, क्रीमचा केक, सगळं हरभऱ्याएवढं. केकची जाळी जुन्या टूथब्रशने टोचून यायची, तळल्याचा तांबूसपणा खडूच्या भुकटीने. त्याची कानातली, किल्लीला लावायची लटकनं व्हायची. मी गेले की बाई ताटावर पदर टाकायच्या.

“काऊन पाहून राह्यलीस? तुला बी करायचे हायेत का?”

माझ्या तीन वर्षांच्या चिमीला मात्र मांडीजवळ बसायची परवानगी होती. निघताना तिची झडती व्हायची. “मुठी उघड. आता तोंड.”

राजूरच्या गणपतीच्या चतुर्थीसाठी बाईंनी कानातल्या मोदकांचे जोड केले होते. ते भाजून झाले होते, कड्या लावायच्या राहिल्या होत्या. तेवढ्यात सिलिंडरवाला आला. बाई दाराशी जाऊन परतल्या, तर चिमीला जोराचा ठसका लागलेला. तो थांबला आणि ती खेळायला लागली.

संध्याकाळी बाई आमच्या दारात उभ्या. “एका जोडातला एक मोदक न्हाई. पोरीनं गिळलाय.”

“पडला असेल हो कुठे.”

“पलंग सरकवून पाह्यला. न्हाई.”

आमचे हे हसले. “गिळला असेल तर उद्या निघेल की, बाई.”

“पोटात असंल तर निघंल. छातीत असंल तर?”

त्यांनी आम्हाला बसू दिलं नाही. डॉक्टरांनी चिमीला तपासलं, छातीचा फोटो काढला आणि म्हणाले, “काही नाही. साधी सर्दी आहे.”

“कशावरून?”

डॉक्टरांचा चेहरा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे बाई सकाळ-संध्याकाळ येऊन चिमीच्या छातीला कान लावायच्या. “उजवीकडं शिट्टी वाजून राह्यली,” म्हणायच्या. मला काहीच ऐकू यायचं नाही. गल्लीत सगळे म्हणाले, बाईंचं डोकं फिरलंय. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. मग चिमीला ताप भरला, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. मी रडत बसले. बाई जीप घेऊनच आल्या. “उठ. औरंगाबादला. जल्दी.”

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी बाईंचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “असली वस्तू फोटोत दिसत नाही,” म्हणाले आणि भूल देऊन श्वासनळीत दुर्बीण घातली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात स्टीलची वाटी होती आणि वाटीत मोदक. एकही कळी मोडली नव्हती.

आम्ही डॉक्टरांचे पाय धरायला धावलो. बाई मात्र वाटीकडे बघत तिथेच फरशीवर बसल्या. “माझ्याच हातचा,” एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी क्लेला हात लावला नाही. मी परोपरीने सांगून पाहिलं. एकदा चहा घेताना त्यांनी अचानक विचारलं, “तू माझ्यावर चिडली न्हाईस. मनात ठिवून राह्यलीस का?”

“नाही हो बाई. तुमच्यामुळेच वाचली ती.”

त्या माझ्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना पटलं की नाही, ते मला कधीच कळलं नाही.

पुढल्या वर्षी मुलगा त्यांना कायमचा नाशिकला घेऊन गेला. त्या पुन्हा जालन्याला आल्याच नाहीत, आणि एका हिवाळ्यात त्या गेल्याचा फोन आला. मला अजून दिसतं ते जालन्याचं बसस्टँड. कंडक्टर घंटी मारतोय, मुलगा वरून हाका मारतोय, आणि बाई खाली फलाटावर उकिडव्या बसून चिमीच्या फ्रॉकला कान लावून आहेत.

“मोठ्यानं श्वास घे, बाळा. आणखीन एकदा.”