सूचौत पाच बागांपैकी दोनच पाहिल्या

चीनमधलं सूचौ जुन्या बागांसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे जायचं ठरवलं ते बागा बघायला नाही. माझ्या कंपनीने तिथल्या कारखान्यात दोन वर्षांचं काम देऊ केलं होतं आणि मला ते हवंच होतं. नवऱ्याला, केदारला, तिथून काम करायची मुभा मिळत होती. आमची मुलगी ईराही तयार होती. गप्प होत्या त्या फक्त स्टुटगार्टमध्ये आमच्याबरोबर राहणाऱ्या सासूबाई. "आई हो म्हणाली तरच," केदारने जाहीर केलं. म्हटलं, ठीक आहे. आईंनाच घेऊन जाते आणि हो म्हणवूनच परत आणते.

व्हिसासाठी फ्रँकफर्टला चक्कर झाली. तिथून शांघायला थेट विमान मिळतं आणि शांघायहून वेगवान रेल्वेने सूचौ जेमतेम अर्धा तास. निघण्याआधी तिथलं पैसे भरायचं ॲप आपल्या कार्डाला जोडून घ्या. मी जर्मन सवयीने रोख घेऊन गेले, तर भाजलेली रताळी विकणारी बाई माझी नोट बघून हसायलाच लागली.

पहिल्या दिवशी सगळ्यांत मोठी बाग. तिकीट पासपोर्ट नंबर देऊन आधीच काढून ठेवावं लागतं. आत सरळ वाट नाहीच! भिंतीतल्या जाळीदार खिडकीतून तळं जरासं दिसतं, वळलं की आणखी थोडं. मी हरखून गेले होते. आई दगडी कट्ट्यावर गुडघा चोळत बसल्या होत्या.

"छान आहे ना, आई?"

"छान आहे. अशा किती बघायच्यात?"

"पाच."

त्यांनी पिशवीतून चिवडा काढला. जर्मनीत राहून मला सहलीचाही टर्मीन, म्हणजे आगाऊ वेळ, लावायची खोड लागली आहे. प्रत्येक बागेची वेळ ठरलेली होती.

दुपारी कालव्याकाठच्या गल्लीतून दुसऱ्या बागेकडे निघालो, तर आई वाटेतल्या एका चहाघरात शिरल्या. आत छोट्या मंचावर लांब झग्यातला एक पुरुष आणि एक बाई वाद्यं घेऊन गोष्ट सांगत होते, मधेच गात होते. समोर म्हातारी मंडळी आपापले थर्मास घेऊन बसलेली. एक आजी बाकावर सरकल्या, आईंना जागा दिली आणि कपात चहा ओतला.

"आई, बागेची वेळ झाली."

"थांब गं. आता तो तिला थाप मारतोय."

"तुम्हाला कळतंय?"

"शब्द नाही कळत. पण कीर्तनात बुवा आख्यानात रंगले की कळतं ना, तसं कळतंय."

ऐन रंगात गोष्ट थांबली. मालकाने फोनवर भाषांतर करून दाखवलं: पुढची उद्या, याच वेळी.

"मग उद्याही इथेच," आई म्हणाल्या. मी हट्टी आहे, पण त्या माझ्या सासू आहेत. उरलेले सगळे दिवस दुपारी चहाघरच झालं. एका सकाळी मी एकटीने आणखी एक बाग उरकली. बाकीची तिकिटं वाया गेली. कंपनीचं घर दाखवलं, तर आईंनी फक्त ओट्याची उंची बघितली. परतताना मी विचारलंच, "मग काय ठरवलंत?"

"घरी गेल्यावर बोलू."

विमानात मी फुगून बसले होते. एवढा आटापिटा करून हाती काय, तर चहा.

घरी पोचलो त्या संध्याकाळी केदारने विचारलं, "आई, आवडलं का?"

"बागा बऱ्या होत्या," आई म्हणाल्या. "बोलणं मला एक अक्षर कळलं नाही रे. इथलंही नाहीच कळत. पण इथे दुपारभर मी खिडकीशी एकटी असते. तिथे चहाघरातली एक बाई माझ्यासाठी रोज सरकून बसायची."

केदार आईंजवळ जाऊन बसला. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही.

ईराने जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. "काय म्हणतेय ही?" आईंनी मला विचारलं.

"मी फोनवर सांगितलं होतं ना, त्या चहाघरातल्या गोष्टीत शेवटी काय झालं, ते विचारतेय."

"तिला सांग, शेवट अजून व्हायचाय. आपण सगळे मिळून ऐकायला जाऊ."