मकरंदला विचारलेला प्रश्न

कुमुदिनीबाई लग्न होऊन सांगलीहून मद्रासला आल्या, तेव्हा त्यांना तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. पुढे तिथल्याच अंबत्तूर भागातल्या बँकेत नोकरी लागल्यावर त्या इतक्या रुळल्या की शिव्या खाऊन आलेलं गिऱ्हाईकही त्यांच्या काउंटरवरून हसत परते. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा मात्र त्या हबकल्या. मग मुलानं, मकरंदनं, घरच्या मशीनवर त्यांना शिकवलं. त्याच्या मशीनवर लिनक्स होतं. काळा पडदा, त्यावर आज्ञा टाइप करायच्या. "आई, भाजी निवडतेस तसं एकेक अक्षर निवडू नकोस गं," असं तो चिडवायचा.

मकरंद गेला, आणि धाकट्या मुलीच्या, क्षमाच्या, फोनची सुरुवात झाली. बसमध्ये बसली की आईला फोन, कॉलेजच्या फाटकाशी फोन, टी. नगरला मैत्रिणीबरोबर खरेदीला गेली तर दुकानात शिरताना एक आणि बाहेर पडताना एक. मैत्रिणी हसत. एखादा फोन चुकला, तर आई बँकेच्या पायरीवर येऊन उभी राहते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सुनामीच्या त्या रविवारी मकरंद मित्रांबरोबर मरीनावर क्रिकेट खेळायला गेला होता. निघण्यापूर्वी त्यानं मशीनवर प्रोग्रॅमांची नवी पॅकेजं चढवायला लावली. "बंद करू नका हं, आल्यावर बघतो," असं दारातूनच ओरडला. दुसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं. सुतकात घर माणसांनी भरलं, रडलं, रिकामं झालं, आणि लोटलेल्या दाराआड ते मशीन घुमतच राहिलं. इतरांच्या ते ध्यानातच नव्हतं. कुमुदिनीबाईंच्या होतं, पण त्यांचा हात जात नव्हता. मग एका दुपारी वीज गेली आणि घुमणं थांबलं.

पुढे पुन्हा सुरू केल्यावर वरवर सगळं ठीक होतं. मात्र नवीन काही बसवायला गेलं की मशीन अडून बसे. आधी अर्धवट राहिलेलं पुरं करा, म्हणे. ते पुरं करायला घेतलं, की विचारी: प्रिंटरच्या सेटिंगची ही फाइल तुम्ही बदलली आहे. तुमची ठेवू, की नवी घालू?

आणि कर्सर लुकलुकत राही.

प्रश्न मकरंदला होता. तो वाटेत असताना, किंवा वाळूत स्टंप रोवत असताना, केव्हातरी तो प्रश्न पडद्यावर उमटला असणार आणि तसाच थांबून राहिला असणार. कुमुदिनीबाईंनी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यांना वाटलं, खोलीत कुणीतरी त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाशी बोलतंय. त्यांनी मागे वळूनही पाहिलं. त्यानंतर सुट्टीच्या दुपारी, बाकीचे झोपले की, त्या हळूच तो प्रश्न वर आणत, वाचत, आणि उत्तर न देता मशीन बंद करत. क्षमाला हे माहीत होतं; नवऱ्यालाही, रत्नाकररावांनाही. ते कूस बदलून पडून राहत.

असं क्षमाचं शेवटचं वर्ष आलं. प्रोजेक्टसाठी तिला एक प्रोग्रॅम बसवायचा होता आणि मशीन बसवू देईना. तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातल्या सुब्बाला बोलावलं.

सुब्बानं दोन मिनिटं पाहिलं आणि तमिळमध्ये निकाल दिला, "फॉर्मॅट करू, अम्मा. कोरं करकरीत करून देतो."

"नको."

"फोटोंसाठी घाबरताय? फोटो सीडीवर घेतो."

"फोटोंचं नाही."

"मग?"

कुमुदिनीबाई कॉफी आणायला आत गेल्या. सुब्बा कॉफी प्याला, कप ठेवताना म्हणाला, "लोक स्वतः येऊन सांगतात, सगळं उडव म्हणून. नको म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मग क्षमाला म्हणाला, "अम्मांचं मन वळलं की मिस्ड कॉल दे."

तो गेल्यावर क्षमा फुटली. "दादाचा प्रश्न, दादाचा प्रश्न! मी पण राहते ना गं या घरात? सोमवारी प्रोजेक्ट दाखवलं नाही तर वर्ष जाईल माझं. मग बसते घरीच. फोन करायची पण कटकट नाही, खूश?"

कुमुदिनीबाईंनी तोंडावर पदर धरला. जरा वेळानं खुर्ची ओढून मशीनसमोर बसल्या. "फॉर्मॅट नाही. मी बघते."

त्यांनी आज्ञा टाइप केली. प्रश्न आला. 'तुमची ठेवू?' याला त्यांनी होकार दिला. दुसरं काही बोटांना जमलंच नसतं. ओळी सरसर वर गेल्या आणि लगेच थबकल्या. प्रिंटरच्या नव्या प्रोग्रॅमला मकरंदची फाइल कळत नव्हती. सगळं पुन्हा अर्धवट.

"आई, त्याच्या फाइलमुळेच अडतंय," क्षमा हळू आवाजात म्हणाली. "फरक तरी बघ. डी दाब."

प्रश्न पुन्हा वर आणून कुमुदिनीबाईंनी डी दाबलं. जे जाणार होतं ते वजाच्या खुणेनं दिसलं: मकरंदच्या चार-पाच ओळी, आणि त्यांच्या वर त्यानं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. 'तात्पुरतं. नंतर नीट करणे.'

"बघ," क्षमाला हसू आलं, आणि ते नीट बाहेर पडलं नाही. "त्याला स्वतःलाच पसंत नव्हतं."

कुमुदिनीबाई ती ओळ वाचत राहिल्या. मग त्यांनी नव्या फाइलला होकार दिला.

या वेळी ओळी थांबल्या नाहीत. त्या रविवारी रांगेत उभी राहिलेली पॅकेजं एकेक करून पुरी होत गेली. क्षमानं आपली सीडी घातली, आणि मशीननं काहीही न विचारता प्रोग्रॅम बसवून घेतला.

"आई, जुनी फाइल फेकली नाहीये मशीननं. नावापुढे 'ओल्ड' लावून बाजूला ठेवलीये."

त्यांनी ती उघडून पाहिली. ओळी होत्या.

"पण मशीन आता हे वाचत नाही ना?"

"नाही, आई."

क्षमा मैत्रिणीला कळवायला बाहेर गेली. कुमुदिनीबाईंनी तीच आज्ञा पुन्हा एकदा टाइप केली: अर्धवट राहिलेलं पुरं कर. मशीननं काहीच विचारलं नाही. कर्सर फक्त एक ओळ खाली सरकला. त्या थांबल्या, आणि मग त्यांनी आज्ञा परत टाइप केली.