सुमनताईंचा ठणठणीत गुडघा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला तर मी दवाखान्यातलं सगळं सांगतो, नको ते पण. आज तुम्हाला सांगतोय. का, कोण जाणे.

बारामतीत माझा हाडांचा दवाखाना आहे. वरकुट्याहून तात्या सुनेला घेऊन आले होते. तात्या म्हणजे बडं प्रस्थ — त्यांच्या शब्दावर निम्मं गाव माझ्याकडं येतं. सून सुमनताई, चाळिशीच्या, दिवसभर भाजीत खुरपायला बसणाऱ्या. "गुडगा लई दुखतोय हिचा," तात्याच म्हणाले. सासऱ्यापुढं त्या कुठल्या बोलायला?

गुडघा तपासला. सूज नाही, करकर नाही, पूर्ण वाकतोय. ठणठणीत! मग दुखतंय कुठून? अहो, शिकाऊ डॉक्टरही सांगेल — खुबा बघ. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं. पण खुबा बघायचा तर साडी वर सरकवायची, मांडी धरून पाय फिरवायचा — आणि समोर खुर्चीत तात्या, ढिम्म. "तात्या, जरा बाहेर बसता का?" एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. त्यांना राग आला असता तर?

टेबलावरून उतरताना सुमनताईंनी जांघेपाशी हात नेला. हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, हितं वर बी दुखतंय..." मग तात्यांकडं बघितलं आणि पदर ओढून गप्प झाल्या.

मी 'झीज आहे' म्हणालो. गोळ्या दिल्या, पट्टा दिला.

काही महिन्यांनी त्या काठी टेकत आल्या. मागं तात्या. आता कुठं मी खुब्याचा एक्स-रे काढला — सांधा खचला होता. "मागच्या टायमाला कसं कळलं न्हाय?" तात्यांनी विचारलं. आणि मी — काय सांगू तुम्हाला — मी म्हणालो, "वर दुखतंय हे यांनी सांगितलंच नाही."

तात्या सुनेवर कडाडले, "तोंड न्हवतं व्हय तुला? डॉक्टरला काय सपान पडतंय?"

सुमनताईंनी माझ्याकडं बघितलं. आता बोलतील, आता बोलतील — मी एक्स-रे उगाच पुन्हा उजेडाला धरला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

सांधा बदलला. चालतात, पण खुरपायला बसता येत नाही. वेळेत धरलं असतं तर वाचला असता, कदाचित. या 'कदाचित'चीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तात्या अजून पाहुण्यांना सांगतात, सूनबाई वेळंवर बोलली न्हाय. माझ्यादेखत सांगतात. मी चहा पीत राहतो.

त्या बोलल्या होत्या. मी ऐकलं होतं.