आठवा ओ देतो

पहिल्यांदा दचकले ते स्क्रीनवरच्या आठव्या पट्टीला. सात पट्ट्या भरलेल्या, आठवी शून्यावर. सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या छोट्या ऑफिसात मी तेव्हा नवीन होते. किस्से तिथे आपोआप साचतात, कारण दचकायला मी आहे आणि सांगत सुटायला बाकीचे.

आमचं काम सोपं करून सांगते. गिऱ्हाइकाची माहिती साठवायच्या एका पेटीत बारा डिस्क, आणि त्यांचं काम वाटून घेणारे आमच्या प्रोग्रॅममधले आठ थ्रेड. आठ हात म्हणा. स्क्रीनवर प्रत्येकाची एक पट्टी, जितकं काम तितकी भरलेली.

"बसूदादा, आठवा मेला!"

बसूदादा आमचे सीनियर, अक्कलकोटकडचे. चहाचा कप खाली न ठेवताच म्हणाले, "मेला न्हाय गं. बसलाय."

"मग तो करतो काय?"

"हाक आली की ओ देतो. तेवढंच."

*

हे मेलं-जगलं घरीही पोचलं. एकदा ऑफिसातल्या पद्माला फोनवर सांगत होते, की एक मेलाय, दोघं उपाशी आहेत आणि चौथा एकटाच सगळं ओढतोय. आई लाटण्यासकट बाहेर. "कुणाच्या घरचं गं?"

म्हटलं, थ्रेड आहेत. कॉम्प्युटरमधले.

आई आत जाता जाता म्हणाली, "त्या चौथ्याला तरी जेवायला बोलव."

*

पद्माच्या वडिलांचे भवानी पेठेत माग आहेत. लेक थ्रेडवर काम करते म्हणून ते खूश होते. मग आकडा कळला. "आठच? आठ धाग्यांत टॉवेलची किनार पण होत न्हाय की!"

तेव्हापासून नवी ऑर्डर आली की पद्मा विचारते, "चादर का टॉवेल?"

*

ऑफिसचा फोन बसूदादांच्या खुर्चीशेजारी. ते हॅलो म्हणत नाहीत, "ओ" म्हणतात. एका गिऱ्हाइकानं चिडून विचारलं, हे ऑफिस आहे का घर?

"तुमीच हाक मारली की," बसूदादा म्हणाले.

*

मग नवे साहेब आले. रिकामं कुणी दिसायला नको, हा त्यांचा नियम. आठव्या थ्रेडलाही डिस्कचं काम लावलं. बसूदादांना फाइलींसकट आतल्या खोलीत बसवलं. फोन जो मोकळा असेल त्यानं उचलायचा.

मोकळं कुणीच नव्हतं. फोन वाजला, आम्ही एकमेकींकडे पाहिलं, फोन थांबला.

साहेब खूश. "बघा, किती शांतता आहे!"

*

त्याच आठवड्यात मला एका साखर कारखान्यात पाठवलं. पेटीतली एक डिस्क गेलेली. मी नवी बसवली, आणि आठही थ्रेड बाकीच्या डिस्कवरून वाचून ती भरायला लागले. आठ पट्ट्या काठोकाठ. इतकं छान दिसत होतं म्हणून सांगू!

तेवढ्यात शेजारच्या डिस्कचा दिवा पिवळा झाला. ती पण गेली असती, तर हंगामाचा सगळा हिशोब गेला असता. त्या पिवळ्या दिव्याच्या डिस्कचा भार कमी करायला हवा होता. मी कमांड दिली. उत्तर नाही. परत दिली. ऐकायलाच कुणी मोकळं नव्हतं. बंद करावं तर अर्धवट भरलेली डिस्क बिघडणार.

कारखान्याचे क्लार्क दारात उभे. "ताई, होतंय न्हवं?"

मी होय म्हटलं आणि ऑफिसला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पद्माचा मोबाइल बिझी. साहेबांचा बिझी. दिवा आता लुकलुकायला लागला होता. परत ऑफिस. रिंग जात राहिली. मला ती खोली डोळ्यांसमोर दिसत होती, सगळे माना खाली घालून कामात.

मग कुणीतरी फोन उचलला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि फाइलींचा गठ्ठा खाली पडल्याचा.

"ओ," बसूदादा म्हणाले. "बोल. मी रिकामाच हाय."