बेटाजवळ तरंगणारं जॅकेट

लाइफ जॅकेट सापडलं. आत माणूस नव्हता.

मुळशी धरणात एक टेकडी अर्धी बुडालेली आहे. वरचा भाग बेटासारखा उरलाय. तिथं कोणी राहत नाही. हिवाळ्यात पाणी निवळलं की आम्ही लोकांना बोटीनं तिथं पोहायला आणि स्नॉर्कलिंगला नेतो. स्नॉर्कलिंग म्हणजे डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, आणि पालथं पडून तळ बघत तरंगायचं. सेफ्टी माझ्याकडे. म्हणजे सगळे मजा करतात तेव्हा मी डोकी मोजत असते.

त्या दिवशी बावधनची एक आयटी टीम होती. मोजताना एक डोकं कमी भरलं. टीमचा मॅनेजर, निखिल.

आम्ही पाण्यात जोड्या लावतो. जोडीदाराला ‘बडी’ म्हणतात. बडी बाहेर पडला की आपणही बाहेर पडायचं, हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगते. निखिलची बडी होती ऋचा, त्याच्याच टीममधली, नोकरीला नवी.

“तू कुठं होतीस?”

“सर म्हणाले, तू एंजॉय कर, मी आहे इथंच.” तिनं मास्क कपाळावर सरकवला. “सरांना नाही कसं म्हणणार, मॅडम?”

जॅकेटचं बकल तुटलेलं नव्हतं. हातानं सोडलेलं होतं. म्हणजे स्वतःला पट्टीचा पोहणारा समजणारा. नेमकी हीच माणसं बुडतात.

मी बुडी मारली. खाली जुन्या शेतांचे बांध आहेत, वठलेल्या झाडांचे बुंधे आहेत. हाताला लागेल ते चाचपत गेले. एकदा काहीतरी मऊ लागलं आणि मी ते घट्ट धरून ओढलं. शेवाळ होतं. वर आले, श्वास घेतला, परत खाली. वर सगळी टीम ‘निखिल सर’ म्हणून ओरडत होती आणि आमचे बोटवाले भागूदादा शिट्टी फुंकत बेटाला फेऱ्या मारत होते.

पुन्हा वर आले तेव्हा दादा हात करत होते. “म्याडम, वर बगा. त्यो कोन हुबा हाय?”

टेकडीच्या माथ्यावर निखिल. फोन कानाला, गळ्यात त्याचं वॉटरप्रूफ पाकीट. त्यानं आम्हाला हातानंच खूण केली, दोन मिनिटं थांबा.

मग सावकाश उतरला. “सॉरी हां, क्लायंटचा कॉल होता. वर मस्त रेंज आहे. जॅकेटमध्ये उकडत होतं, खडकावर काढून ठेवलं होतं.”

ते बोटीच्या लाटेनं ओढून नेलं असणार.

“आम्ही ओरडतोय, ते ऐकू नाही आलं?”

“आलं ना. मला वाटलं मॉक ड्रिल आहे. ऑफिसात असते ना, फायरची. कॉलवर असलो की मी नाही उतरत खाली.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माझ्याआधी ऋचा बोलली. आवाज चढवला नाही.

“सर, तुमच्या घरी फोन करून काय सांगायचं, त्याची वाक्यं जुळवत होते मी.”

तो हसायला गेला, जमलं नाही. हातातल्या फोनमधून कोणीतरी विचारत होतं, “निखिल, आर यू देअर?” त्यानं कॉल बंद केला आणि तिथंच मटकन खाली बसला.

“चला, बसा समदी बोटीत,” भागूदादा म्हणाले. “लई झालं पवनं.”

आता मी साहेब आणि त्याच्या हाताखालचं माणूस एका जोडीत लावत नाही. फोन बोटीतच ठेवायला लावते. कुणी कुरकुर केली तर सांगते, बेटावर रेंज येत नाही.