नरम बटणांचा कीबोर्ड

नगरच्या त्या दुकानदाराचा मला अजून राग येतो. कीबोर्ड मला हवा होता, काउंटरसमोर मी उभी होते, प्रश्न मी विचारला होता, आणि हा गडी उत्तर देत होता माझ्या नवऱ्याला. "काय साहेब, मुलांसाठी पाहिजे का?" नवराही काही कमी नाही. "न्हाई, आमच्या मंडळींना पायजे. घरी बसून टायपिंग करत्यात थोडंफार," असं म्हणून तो मोकळा झाला.

थोडंफार! मिरजगाव आणि आजूबाजूच्या गावांतल्या निम्म्या लग्नपत्रिका माझ्या बोटांखालून गेल्यात. वकिलांची प्रतिज्ञापत्रं, प्राध्यापकांचे प्रबंध, एका निवृत्त गुरुजींचं दर महिन्याला बदलणारं आत्मचरित्र, सगळं मीच टाईप केलंय. लग्नाआधी कर्जतच्या क्लासला खडखडणाऱ्या लोखंडी मशीनवर शिकले. सासरी आल्यावर पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडला. त्या घरात माझं स्वतःचं असं काही असेल तर ते टेबल.

आणि तेच सुटायची वेळ आली होती. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायच्या. चहाचा कप हातातून निसटायचा. एक पान टाईप केलं की हात झटकत बसायचे. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मनगट वाकवून, दाबून पाहिलं आणि विचारलं, "हातानं काय काम करता?" मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "दिवसभर कॉम्प्युटरवर असती."

झालं. मनगटातली नस दबतेय, टायपिंग कमी करा, ते जमत नसेल तर निदान हलक्या हातानं दाबला जाणारा चांगला कीबोर्ड घ्या, असं डॉक्टर म्हणाले. दुर्लक्ष केलं तर बोटांतली ताकद जाईल, हेही त्यांनी सांगितलं. घरी येईपर्यंत नवऱ्याचा निकाल तयार होता. "सोड की मग टायपिंग. काय अडलंय?"

हात दुखतोय तर भाकऱ्या थापू नकोस, असं कुणी म्हणालं नाही. धुणं बडवू नकोस, असंही नाही. सगळ्यांत आधी काय तोडायचं, तर जे मला आवडतं ते. मी त्या दिवशी इतकी चिडले की रात्री जेवलेच नाही. मग नवरा वरमला आणि आम्ही नगरला कीबोर्ड घ्यायला गेलो.

दुकानात भिंतभर खोके. मी म्हटलं, दाबून बघायचंय. दुकानदार म्हणाला, "मॅडम, खोकं फोडलं तर घ्यावं लागेल. कीबोर्ड सगळे सारखेच असतात." नवऱ्यानं लगेच मान डोलावली. "घे त्यातलाच एखादा. उन्हं कलायच्या आत घरी जाऊ."

माझं डोकंच फिरलं. गेल्या वर्षी याच माणसानं दूध काढायचं मशीन घेतलं तेव्हाचा थाट मी पाहिला होता. पुणतांब्यापर्यंत जाऊन तीन गोठे पाहून आला. विकणाऱ्याला घरी बोलावलं, दोन्ही वेळच्या धारा त्याच्याकडून काढून घेतल्या. सडांना लावायचं रबर स्वतःच्या अंगठ्याला लावून बघितलं. "गाईला नरम लागलं पायजे, न्हाईतर दगडी होती," असं चारचौघांत सांगत फिरला. दगडी होऊन सडाला सूज आली तर दूध जातं, ते मलाही कळतं. पण गाईच्या सडासाठी महिनाभर हिंडणारा माणूस बायकोच्या बोटांसाठी अर्धा तास थांबायला तयार नव्हता.

हे सगळं मी तिथंच, भर दुकानात सुनावलं. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. नवरा खाली बघून चपलेशी खेळत राहिला. दुकानदारानं मुकाट्यानं दोन खोकी फोडली.

पहिला कीबोर्ड रंगीबेरंगी दिव्यांचा. लाल, हिरवा, निळा, गणपतीच्या मांडवासारखा लखलखत होता आणि बटणं अशी ताठ की प्रत्येक अक्षराला जोर. दुसरा पातळ, पापडासारखा. बटण दाबलं गेलं की नाही, ते बोटाला कळायचंच नाही, आणि शिफ्टची कळ एवढीशी. मराठी टाईप करणाऱ्याला शिफ्ट सारखी लागते, करंगळीचा जीव जातो त्यात. मी दोन्ही बाजूला सारले. दुकानदार आता उघड वैतागला. "मॅडम, अजून काय पाहिजे तुम्हाला?"

तेव्हा माझं लक्ष त्याच्या बिल करायच्या कॉम्प्युटरकडे गेलं. काळा, साधा, धुळीनं भरलेला कीबोर्ड. मी काउंटरवरून हात घातला आणि न बघता 'प्रतिज्ञापत्र' टाईप केलं. पुन्हा केलं. पडद्यावर कुणाच्या तरी बिलात इंग्रजी अक्षरांचा नुसता गोंधळ उमटला, पण बोटं सुखावली. बटण हलकं, खाली गेल्याचं बोटाला कळणारं, परत वर येताना न अडखळणारं. शिफ्ट लांब. बोटं जागेवर आणायला दोन कळांवर असतात ते उंचवटेही ठळक.

"हा द्या," मी म्हटलं.

"अहो, तो आमचा वापरातला आहे."

"म्हणूनच."

स्वतः दिवसभर बिलं बडवायची म्हटल्यावर त्याला नरम कुठला आणि ताठ कुठला ते बरोबर कळलं होतं. मला मात्र म्हणे सगळे सारखेच. मागच्या मांडणीतून त्यानं तसाच नवा काढून दिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जराही लाज नव्हती.

पहिले चार दिवस मी खुशीत होते. गुरुजींचं एक प्रकरण एका बैठकीत संपवलं. पाचव्या दिवशी सकाळी टेबलाशी बसले, अजून एक अक्षरही टाईप केलं नव्हतं आणि अंगठ्याला मुंग्या आलेल्या होत्या.

मी हाताकडे बघत बसले. टायपिंगमध्ये सगळ्यात जास्त राबते ती करंगळी. ती ठणठणीत होती. अंगठ्याला काम काय, तर दोन शब्दांमध्ये स्पेस देणं. आणि दुखत होता नेमका तोच. मी टेबलाशी बसायच्या आधी कुठून आले होते? गोठ्यातून.

आमच्या एका गाईला मशीन पटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तिनं लाथ मारून सगळं उडवून दिलं. मग तिची धार हातानंच काढायची, असं घरात एकमतानं ठरलं. हात कुणाचा, यावर चर्चा झाली नाही. सकाळ-संध्याकाळ अंगठा मुडपून, त्याच्या पेरावर सड दाबून मी तिची धार काढत होते. आमच्याकडे दूध काढणं हे काम धरतच नाहीत, त्यामुळे डॉक्टरांसमोर त्याचं नावही निघालं नाही.

संध्याकाळी मी बादली नवऱ्यासमोर ठेवली. "आजपासून तिची धार तुमी काढायची. माझा अंगठा कीबोर्डनं न्हाई, तिनं गेलाय."

"असं कुठं असतं व्हय?" तो म्हणाला.

"असतं. काढून बघा."

मी आत जाऊन टेबलाशी बसले. गाय बराच वेळ हंबरत होती. तरी मी उठले नाही. शेवटी बादलीची कडी वाजली.

आठवडाही झाला नसेल, नवरा जेवताना हात झटकायला लागला. दोन-तीन दिवस त्यानं तेल चोळून पाहिलं. मग एके सकाळी दारात टेम्पो उभा राहिला आणि गाय काष्टीच्या बाजारात गेली. घरात कुणाशी बोलणं नाही, विचारणं नाही. शेजाऱ्यानं विचारलं तेव्हा नवरा म्हणाला, "हाताला लई तरास व्हायचा, इकून टाकली." कुणाच्या हाताला, ते शेजाऱ्यानं विचारलं नाही.

गाय गेली याचं मला वाईट वाटलं. पण ती इतक्या सहज जाऊ शकत होती, हे कळल्यावर जी आग झाली, ती अजून शमलेली नाही. माझा हात दुखत होता तेव्हा त्या घराला दोनच उपाय सुचले होते, टायपिंग सोड नाहीतर कीबोर्ड बदल.

कीबोर्ड चांगला निघाला. त्यावरच हे टाईप करते आहे. उजव्या अंगठ्यातला जोर काही परत आला नाही. स्पेस आता मी डाव्यानं देते.